मातीचा दाखला

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकी रॉक बँडच्या 'प्राउड मेरी' या गाण्यात 'टर्निंग' असा एक शब्द आहे. बँडचा गायक-गिटारवादक जॉन फोगर्टी तो 'टॉइनिंग' असा गातो. 'बर्निंग'चंही 'बॉइनिंग' करतो. कॅलिफोर्नियात असं कोणी बोलत नाही. तो जिथे वाढला त्या एल सेरिटोत, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या शांत उपनगरात, तर नाहीच नाही. हा उच्चार त्याच्या जिभेवर आला तो रेकॉर्डी ऐकून, मुख्यतः हाउलिन वुल्फसारख्या काळ्या ब्लूज गायकांच्या. पोरवयात त्या आवाजांनी त्याला असं झपाटलं की पुढे स्वतः गायला लागल्यावर तोंडातून तेच बाहेर पडू लागलं.

या बँडवरचा सगळ्यात जुना आक्षेप या एका शब्दात मावतो. १९६९ साली ही चार पोरं लुइझियानाच्या दलदलीची, मिसिसिपीतल्या आगबोटींची, कापसाच्या शेतांची गाणी गात होती आणि चौघांपैकी एकही अमेरिकेच्या दक्षिणेतला नव्हता. 'बॉर्न ऑन द बायू', म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याकाठी जन्मलो, म्हणणारा माणूस जन्मला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत. मिसिसिपी नदीचं गाणं त्याने लिहिलं ते नदी डोळ्यांनी पाहण्याच्या आधी. लोडाय हे तर त्याच्याच राज्यातलं गाव, घरापासून काही तासांवरचं, पण गाणं लिहिलं तेव्हा तिथेही त्याने पाऊल टाकलं नव्हतं. नाव कानाला छान लागलं, बस्स. मग यांना 'रूट्स रॉक', म्हणजे जुन्या मातीतल्या संगीतातून उगवलेलं रॉक, कशाच्या जोरावर म्हणायचं?

मी पुण्यात गिटार शिकवतो. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न विचारला, आणि तो तिने टोचून विचारला नव्हता, मनापासून विचारला होता. "सर, हे लोक तिथले नाहीत, ज्यांच्याकडून शिकले ते काळे गायक गरिबीत मेले आणि यांच्या रेकॉर्डी लाखांनी खपल्या. मग आपण हे 'अस्सल' म्हणून का वाजवतो?" त्या दिवशी मी थातुरमातुर उत्तर दिलं. ते मला पुरलं नाही आणि तिलाही पुरलं नसणार. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुसरी खेप आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. गाणं आपलं होतं ते त्यावर घेतलेल्या कष्टाने. ते जन्माच्या दाखल्याने आपलं होत नाही आणि कराराच्या कागदानेही होत नाही. क्रीडन्सची गाणी पन्नासहून अधिक वर्षं टिकली ती याच कारणाने, आणि या बँडच्या वाट्याला जे भोग आले तेही हीच गोष्ट नाकारल्यामुळे आले.

आधी कष्टांबद्दल. जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड हे तिघे शाळेतले सोबती, तिघेही १९४५ चे. १९५९ मध्ये 'ब्लू व्हेल्वेट्स' नावाने ते वाजवू लागले, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. जॉनचा थोरला भाऊ टॉम नंतर त्यांच्यात आला. १९६४ मध्ये फँटसी रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने त्यांना घेतलं आणि वर 'गॉलीवॉग्ज' असं नाव चिकटवलं. गॉलीवॉग म्हणजे काळ्या माणसाची टिंगल करणारी बाहुली. पोरांना ते नाव आवडलं नव्हतं, पण विचारतो कोण! काळ्या संगीतावर जीव टाकणाऱ्या पोरांनी काही वर्षं ते नाव वागवलं. 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' हे नाव आलं तेव्हा एकत्र वाजवायला लागून आठेक वर्षं झाली होती.

म्हणजे १९६८ मध्ये 'सुझी क्यू' रेडिओवर गाजलं आणि लोकांना वाटलं, नवा बँड आला, तेव्हा ते नवे मुळीच नव्हते. लग्नाच्या, शाळेच्या, सैनिकी तळांवरच्या कार्यक्रमांत बोटं झिजवून ते आले होते. पुढचे आकडे तर आजही खरे वाटत नाहीत. १९६९ या एका वर्षात तीन अल्बम: 'बायू कंट्री', 'ग्रीन रिव्हर', 'विली अँड द पूअर बॉइज'. १९७० मध्ये आणखी दोन. त्यातल्या एकाचं नाव 'कॉस्मोज फॅक्टरी'. कॉस्मो हे क्लिफर्डचं टोपणनाव, आणि फॅक्टरी म्हणजे त्यांची तालमीची जागा. फोगर्टी रोज तालीम घ्यायचा, जवळजवळ गिरणीच्या पाळीसारखी, म्हणून ते नाव पडलं. पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत त्याच काळात वीस-वीस मिनिटांची नशेतली वादनं चालली होती. हे मात्र चौकड्याचे शर्ट घालून गोदामात घाम गाळत, गाणं पक्कं बसवत आणि मगच स्टुडिओत जात. मंचावर दारू-नशा चालणार नाही, हा फोगर्टीचा नियम होता. ठरलेला कार्यक्रम झाला की पुन्हा मंचावर यायचं नाही, हाही त्याचाच. तो माणूस कडक होता, नको इतका कडक होता. त्यावर पुढे येतोच.

या कष्टाचा परिणाम ऐकायला येतो तो असा. 'बॅड मून रायझिंग' सव्वादोन-अडीच मिनिटांचं गाणं. कॉर्ड तीन. त्यात एकही सूर असा नाही की काढला तर चालेल. फोगर्टी आपली एक गिटार सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली उतरवून लावायचा, म्हणजे हाताला 'ई'ची सोपी पकड, कानाला 'डी'चा जाड, खर्जाकडे झुकलेला आवाज. शिकणाऱ्याला वाटतं, हे तर पहिल्या आठवड्यातलं काम! पकड बसतेही पहिल्या आठवड्यात. ठेका बसायला वर्ष जातं. माझ्याकडे 'हॅव यू एव्हर सीन द रेन' शिकताना प्रत्येक नवख्याची गाडी एफ कॉर्डशी अडते, पहिल्या बोटाने सहाही तारा दाबायच्या असतात, बोटाच्या पेरावर तारांचे वळ उठतात. महिन्याने एफ वाजायला लागतो. तरी गाणं वाजत नाही, कारण सगळे घाई करतात. मूळ रेकॉर्डवर क्लिफर्डचा ड्रम किती सावकाश, किती न ढळता चालतो हे तेव्हा कुठे ऐकू येतं.

आता दाखल्याचा प्रश्न. 'तिथला' असणं म्हणजे काय? लुइझियानात जन्मूनही ज्याच्या कानावर तिथलं संगीत कधी पडलं नाही, असे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. मूळ म्हणून आपण ज्याला हात लावतो ते दक्षिणेतलं संगीत स्वतःच रेकॉर्डींवरून, रेडिओवरून, आगगाडीने उत्तरेला गेलेल्या मजुरांच्या तोंडून पसरलेलं होतं. हाउलिन वुल्फ मिसिसिपीतून शिकागोला गेला आणि त्याचा आवाज रेडिओवरून कॅलिफोर्नियातल्या पोराच्या उशाशी पोचला. 'ग्रीन रिव्हर' मधली नदी म्हणजे खरं तर उत्तर कॅलिफोर्नियातला पुटा क्रीक हा ओढा, जिथे फोगर्टी कुटुंब सुट्टीत जायचं. तिथलं पाणी, बेडूक, दोरीला लटकून मारलेल्या उड्या हे त्याचं स्वतःचं बालपण. ते त्याने दक्षिणेच्या भाषेत सांगितलं, कारण संगीताची भाषा तो त्याच आवाजांकडून शिकला होता. मला यात लबाडी दिसत नाही. शिष्य गुरूच्या गळ्यातून बोलतो, आणि बोलता बोलता त्याचा स्वतःचा गळा तयार होतो.

पण माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा दुसरा भाग याने सुटत नाही, आणि तो टाळायची माझी इच्छा नाही. पैशाचं काय? क्रीडन्सने 'विली अँड द पूअर बॉइज' वर 'मिडनाइट स्पेशल' आणि 'कॉटन फील्ड्स' ही लेड बेलीमुळे जगाला माहीत झालेली गाणी घेतली. लेड बेली हा तुरुंगात राहिलेला काळा लोकगायक, १९४९ मध्ये गेला. त्याच्या गाण्यांवर खरे पैसे झाले ते त्याच्यानंतर, दुसऱ्यांच्या तोंडून. फोगर्टीच्या 'ट्रॅव्हलिंग बँड' मध्ये लिटल रिचर्ड हा काळा रॉक अँड रोल गायक इतका स्पष्ट ऐकू येतो की त्याच्या 'गुड गॉली मिस मॉली'चे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी दावा ठोकला आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटवावं लागलं. हे ऋण खरं आहे. मात्र ते ऋण अमान्य करणाऱ्यांतला फोगर्टी नव्हता. तो ज्यांच्याकडून शिकला त्यांची नावं आयुष्यभर घेत राहिला. १९७० मध्ये ओकलंडच्या मोठ्या कार्यक्रमात त्यांनी बुकर टी अँड द एमजीज या मेम्फिसच्या मिश्र वर्णाच्या बँडला सोबत घेतलं, आणि हे आपल्यापेक्षा सरस वाजवतात असं फोगर्टी उघड म्हणत आला आहे. आणि 'प्राउड मेरी'चा प्रवास उलट दिशेनेही झाला. १९७१ मध्ये आइक आणि टीना टर्नर यांनी ते उचललं, हळू सुरू करून शेवटी वादळ केलं, आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं. आज कित्येकांना ते टीनाचंच गाणं वाटतं. कॅलिफोर्नियाच्या गोऱ्या पोराने कधी न पाहिलेल्या नदीवर लिहिलेलं गाणं टेनेसीत जन्मलेल्या काळ्या गायिकेने आपलं केलं. ज्याच्या कष्टाने ते नव्याने उभं राहिलं, त्याचं ते झालं. इथे कोणाचा दाखला तपासायचा?

माझ्या मते अन्याय गाण्याने कधी केला नाही. अन्याय होतो तो कागदावर. लेड बेलीच्या पिढीला ज्या पद्धतीने लुबाडलं गेलं, त्याच पद्धतीने पुढे फोगर्टीलाही लुबाडलं गेलं. दोघांचं दुःख सारखं म्हणणं चूक होईल, वर्णभेदाचा काच एकालाच होता. पण यंत्र तेच.

ते यंत्र कसं चालतं हे या बँडच्या गोष्टीत जितकं नीट दिसतं तितकं क्वचितच दिसतं. विशी-बाविशीत सही केलेल्या करारांनी गाण्यांचे प्रकाशनहक्क फँटसी कंपनीकडे गेले. १९६७ मध्ये ही कंपनी सॉल झान्ट्सच्या हातात आली. तोच पुढे 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' आणि 'अमाडेयस' या चित्रपटांचा ऑस्करविजेता निर्माता झाला. बँड १९७२ मध्ये फुटला, तरी फोगर्टी कंपनीला आणखी कितीतरी रेकॉर्डी देणं लागत होता. सुटकेची किंमत म्हणून त्याने अखेर क्रीडन्सच्या गाण्यांच्या मानधनावरचा आपला हक्क सोडला. आणि मग त्याने ती गाणी गायचंच सोडलं. मंचावर एकेक गाणं गायलं की पैसे त्याच कंपनीला जाणार, हे त्याला सोसवेना. आपल्याच लेकरांना ओळख न देणाऱ्या बापासारखी त्याची अवस्था झाली होती.

१९८५ मध्ये तो 'सेंटरफील्ड' हा अल्बम घेऊन परत आला. त्यातल्या 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' या गाण्यावर फँटसीने खटला भरला. आरोप असा की हे गाणं १९७० च्या 'रन थ्रू द जंगल' ची नक्कल आहे. 'रन थ्रू द जंगल' कोणी लिहिलं होतं? फोगर्टीनेच. म्हणजे माणसाने स्वतःची चोरी केली असा दावा. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात तो साक्षीला गिटार घेऊन बसला आणि ज्युरीला वाजवून दाखवलं की दोन गाणी कशी वेगळी आहेत, आणि जे सारखं आहे ते त्याची शैली आहे, त्याचा हात आहे. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. पण वकिलांच्या खर्चाने तो खचला होता. तो खर्च मागायला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १ मार्च १९९४ रोजी न्यायालयाने एकमताने म्हटलं की कॉपीराइटच्या दाव्यात जिंकलेल्या प्रतिवादीला वकिलाचा खर्च देताना वादीपेक्षा वेगळी, कडक फूटपट्टी लावता येणार नाही. आज अमेरिकेत कोणा छोट्या कलाकारावर मोठ्या कंपनीने असा दावा लावला तर त्याला या निकालाचा आधार आहे.

मी हा निकाल माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. कारण कोर्टात जो प्रश्न होता तोच एल सेरिटो आणि लुइझियानाचा प्रश्न आहे. माणसाचा हात, त्याचा गळा, त्याची चाल ही कोणाची मालमत्ता असू शकते का? कंपनी म्हणाली, असू शकते, आम्ही ती विकत घेतली. आक्षेप घेणारे म्हणतात, असू शकते, ती एका भूभागाची आहे. दोघांच्याही म्हणण्यात, ज्याने वर्षानुवर्षं बसून ती घडवली तो माणूस कुठेच नाही.

आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून देता येणार नाही अशी तरतूद आली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेलं भाषण अनेकांना आठवत असेल. तेव्हा काही निर्माते म्हणत होते, सही केली ना, मग आता तक्रार कसली? फोगर्टीची गोष्ट हे त्याला उत्तर आहे. विशीतल्या पोराने, वकील परवडत नसताना, संधी हातची जाईल या भीतीने केलेल्या सहीला 'राजीखुशीचा करार' म्हणणं मला पटत नाही. कायद्याने काही गोष्टी विकण्याच्या पलीकडे ठेवाव्यात, आणि स्वतःच्या गाण्यातला किमान वाटा त्यांतली एक असावी.

आता त्या गाण्याकडे येतो ज्यामुळे हा बँड माझ्यासाठी केवळ ठेक्याचा विषय राहत नाही. 'फॉर्च्युनेट सन', १९६९. सव्वादोन मिनिटांचं. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, सक्तीची सैन्यभरती चालू होती. महाविद्यालयात शिकणाऱ्याला भरती पुढे ढकलून मिळायची, ओळखीपाळखी असलेल्याला सुरक्षित जागा मिळायची, आणि ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं त्याच्या दारात पत्र यायचं. आधीच्या डिसेंबरात, १९६८ मध्ये, निवडून आलेल्या निक्सन यांच्या मुलीचं लग्न माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवाशी झालं, त्या बातम्या बघून फोगर्टीच्या डोक्यात हे गाणं सुरू झालं. शब्द वीसेक मिनिटांत कागदावर उतरले असं तो सांगतो. मी सिनेटरचा मुलगा नाही, लक्षाधीशाचा मुलगा नाही, मी तो नशीबवान नाही, एवढंच ते गाणं म्हणतं. युद्ध चांगलं की वाईट यावर त्यात अवाक्षर नाही. लढाईचं ओझं कोणाच्या खांद्यावर पडतं, एवढंच ते विचारतं.

फोगर्टी हे पुस्तकात वाचून लिहीत नव्हता. १९६६ मध्ये त्याच्याही नावाने भरतीचं पत्र आलं होतं आणि तो लष्कराच्या राखीव दलात गेला. त्याला व्हिएतनामला जावं लागलं नाही. १९६८ मध्ये सेवामुक्तीचा लखोटा घरी आला, तो फोडून आनंदाने उड्या मारत तो आत गेला आणि 'प्राउड मेरी' लिहायला बसला. चाकरी सोडून नदीवर निघून गेलेल्या माणसाचं ते गाणं का इतकं मोकळं वाटतं, ते त्या लखोट्यावरून कळतं. मिसिसिपी त्याने पाहिली नव्हती, पण सुटका पाहिली होती.

अनेकांना वाटतं, ही साठच्या दशकाची आठवण आहे आणि तेव्हाची पिढी गेली की ही गाणीही जातील. मला हे अजिबात मान्य नाही. १९७६ मध्ये आलेला 'क्रॉनिकल' हा त्यांच्या वीस गाण्यांचा संच अमेरिकेच्या दोनशे अल्बमांच्या यादीत पाचशेहून अधिक आठवडे राहिला आहे. 'हॅव यू एव्हर सीन द रेन' स्पॉटिफायवर अब्जाहून अधिक वेळा ऐकलं गेलं आहे. हे ऐकणारे साठीतले लोक नाहीत. ज्यांना व्हिएतनाम नकाशावर दाखवता येणार नाही, अशी मुलं 'फॉर्च्युनेट सन' ऐकतात. कारण ज्याच्या बापाची पोच आहे त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही, हे कळायला व्हिएतनाम लागत नाही. आणि विशेष म्हणजे या बँडचं एकही गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं नाही. पाच सिंगल्स दुसऱ्या क्रमांकावर थांबली. त्यांच्या वर जी गाणी होती त्यांतली किती आज हॉस्टेलच्या गच्चीवर वाजतात?

'फॉर्च्युनेट सन'ची ताकद इतकी की ज्यांच्यावर ते लिहिलं तेही ते वाजवतात. जीन्सच्या एका जाहिरातीत त्याच्या फक्त पहिल्या, झेंड्याच्या ओळी घेतल्या आणि पुढचा डंख कापून टाकला. हक्क त्याच्याकडे नसल्याने फोगर्टीला ते थांबवता आलं नाही. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभेत ते वाजलं तेव्हा त्याने कायदेशीर नोटीस पाठवली. गाणं अर्धं कापून त्याचा अर्थ उलटा करण्याची मुभा ज्या व्यवस्थेत आहे, तिथे मालकी हा निव्वळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

फोगर्टी आपल्या गाण्यांकडे परतला तो मात्र कोर्टाच्या आधी. १९८७ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या एका क्लबात तो बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्यासोबत मंचावर होता. तिथे डिलनने त्याला सांगितलं, तू 'प्राउड मेरी' गायला नाहीस तर जग ते टीना टर्नरचं समजेल. त्याच वर्षी ४ जुलैला, वॉशिंग्टनजवळ, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने ती गाणी पुन्हा गायली. पंधरा वर्षांनी. श्रोते कोण, तर ज्यांना तेव्हा पत्र आलं होतं आणि जे राखीव दलात जाऊ शकले नव्हते, ते. २००४ मध्ये फँटसी विकली गेली, नव्या मालकांनी त्याचं मानधन पुन्हा सुरू केलं. आणि जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याला आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा मोठा हिस्सा परत मिळाला.

इथवर मी पूर्णपणे फोगर्टीच्या बाजूने आहे. पण माझंच माप त्यालाही लावायला हवं. गाणं कष्टाने आपलं होतं, असं म्हटल्यावर त्या गोदामात रोज घाम गाळणाऱ्या उरलेल्या तिघांचं काय? चाली-शब्द जॉनचे, मांडणी जॉनची, निर्मिती जॉनची, व्यवहारही बराच काळ जॉनच्या हाती. १९७१ च्या सुरुवातीला टॉम कंटाळून बाहेर पडला. १९७२ च्या शेवटच्या 'मार्डी ग्रा' मध्ये जॉनने कुक आणि क्लिफर्डला सांगितलं, आता तुमची गाणी तुम्ही लिहा, तुम्ही गा. ज्यांना कधी लिहू दिलं नव्हतं त्यांच्याकडून एकदम ते मागणं ही मदत नव्हती. समीक्षकांनी अल्बम झोडपला. पुढे तिघांनी कंपनीशी जुळवून घेतलं, हा जॉनच्या मनातला काटा. टॉम १९९० मध्ये गेला, भावांमधला दुरावा मिटला नाही. १९९३ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं तेव्हा जॉनने कुक-क्लिफर्डसोबत वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन वगैरे दुसऱ्या वादकांसोबत तीच गाणी वाजवली. ते दोघे त्याच सभागृहात होते.

तो राग मला समजतो. तरी त्या संध्याकाळी तो चुकला. ज्या न्यायासाठी तो कंपनीशी भांडत होता, तोच न्याय त्याने आपल्या माणसांना नाकारला. कायदा चालीला आणि शब्दांना मालक मानतो; ठेक्याला मानत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापासून एकमेकांच्या श्वासावर वाजवून तयार झालेली लय कोणाच्याच नावावर लागत नाही. २०२५ मध्ये फोगर्टीने ही गाणी आपल्या मुलांना सोबत घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा तो गळा ऐकून मी थक्क झालो, सूर न सूर जागेवर आहे. हक्काने आपलं झालेलं गाणं पुन्हा गाण्याचा त्याला पुरा अधिकार आहे. पण जुनी रेकॉर्ड लावली की फरक पहिल्या दहा सेकंदांत ऐकू येतो. 'बॉर्न ऑन द बायू' मध्ये ती थरथरणारी गिटार सुरू होते, मग क्लिफर्ड आत येतो, मात्रेच्या किंचित मागे, मुद्दाम रेंगाळल्यासारखा, आणि कुकचा बास त्याला चिकटून. त्या रेंगाळण्यात दलदल आहे. गिटार थरथरून थांबते, शब्द नंतर येतात, दलदल त्या दोघांनी आणलेली असते. एल सेरिटोच्या दोन पोरांनी.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीला मी यावेळी उत्तर दिलं नाही, काम दिलं. महिनाभर गिटार बाजूला ठेव, 'बॉर्न ऑन द बायू' लाव आणि फोगर्टीकडे लक्ष न देता फक्त ड्रम आणि बासबरोबर मांडीवर ठेका धर. पहिल्या रविवारी ती पुढे पळत होती. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिचा हात एकदम मागे सरकला, क्लिफर्ड जिथे असतो तिथे, आणि गाणं संपेपर्यंत तिथेच राहिला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "सर, पुन्हा लावा."